उम्म नाहेदनं पाहिलेला पहिला शेवट

इजिप्तमधल्या मन्सुरा शहरात सिनेमातलं कळणारी एकच बाई आहे, असं उम्म नाहेदचं स्वतःबद्दल मत आहे. आमच्या थिएटरात ती बावीस वर्षं तिकिटं फाडते, बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवते आणि खेळ संपायच्या पाच मिनिटं आधी बाहेरचं दार उघडते. मालकाचा तसा हुकूमच आहे, पुढच्या खेळाची गर्दी जिन्यावर ताटकळत असते. त्यामुळे बाईंनी आजवर एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. मत मात्र प्रत्येक शेवटावर आहे.

मी दारात भाजलेल्या बिया विकतो, मध्यंतरात आत शिरतो आणि उरलेला सिनेमा फुकट पाहतो. शेवट मलाही माहीत नसतो. दार उघडलं की पडद्यावर ऊन पडतं, आणि मायक्रोबस चुकेल म्हणून अख्खं गाव उठून उभं राहतं. मग हेच गाव फुटपाथवर त्या न पाहिलेल्या शेवटावरून तासभर भांडतं.

या ईदला कार्टूनचा कौटुंबिक सिनेमा लागला. पंख मोडलेलं करकोच्याचं पिल्लू एका म्हाताऱ्या कासविणीकडे वाढतं आणि वर्षानं त्याची आई थवा घेऊन त्याला न्यायला येते.

"कासवीण स्वार्थी आहे," औषधांच्या दुकानातल्या डॉक्टर गीहान म्हणाल्या. "थवा येतोय हे तिला ठाऊक होतं. पिल्लाला सांगितलं का?"

"आणि आई?" शाळेतले उस्ताज वहीद म्हणाले. "वर्षभर कुठं होत्या बाईसाहेब?"

"ते असू दे. पिल्लू गेलं की राहिलं?" मी विचारलं. दोघांनी दोन उत्तरं दिली, दोन्ही छातीठोक.

"राहिलं," उम्म नाहेदनं निकाल दिला. "वाढवलं कुणी?"

दुसरा निकाल तिला परवडणारा नव्हता. उम्म म्हणजे आई; तिची मुलगी नाहेद कुवेतला नर्स आहे. सात वर्षांची नात रुकय्या अंगावरचं दूध सुटल्यापासून आजीकडे. पंधरा दिवसांपूर्वी नाहेदचा फोन आला होता: घर मिळालं, मुलीची कागदपत्रं झाली, महिनाअखेर न्यायला येते. मला हे ठाऊक, कारण बाई फोन स्पीकरवर टाकून माझ्या बियांच्या हातगाडीशेजारी उभ्या राहून ओरडतात. ठाऊक नव्हतं ते फक्त रुकय्याला. तिला आजीनं रोज झोपवताना सांगितलं होतं की पिल्लू राहतं.

शुक्रवारी पोरीनं हट्टच धरला, मला ते राहताना बघायचंय. आजीनं तिला मागच्या रांगेत दाराशेजारी बसवलं. वेळ झाली, तशी बाई कडीकडे गेल्या.

"तेता, दार उघडू नकोस ना. ऊन आलं की दिसत नाही," रुकय्या आजीला म्हणाली.

उम्म नाहेदचा हात कडीवरच राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती पडद्याकडे तोंड करून उभी राहिली. थवा वर घिरट्या घालत होता. पिल्लू कासविणीला चिकटून बसलं होतं. कासविणीनं त्याच्याकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि हळूहळू पाण्यात उतरली, पिल्लाला मागे येता येऊ नये म्हणून. मग पिल्लू उडालं. तोवर लोक दाराशी गोळा झाले होते.

"अगं हज्जा, झोपलीस का? बस जाईल," वहीद तिच्यावर खेकसले. शेवटाकडे त्यांची पाठच होती. बाहेर जाऊन ते त्यावर बोलणारच होते.

रुकय्या आजीकडे बघत होती. "तू तर म्हणालीस ते राहतं."

"मी पाहिलं नव्हतं."

"कासविणीला आधीच माहीत होतं? की त्याची आई येणार?"

"हो."

"किती दिवस?"

"पंधरा," उम्म नाहेद म्हणाली.

सिनेमात कुठंही दिवस मोजलेले नव्हते.  पोर तिच्याकडे बघत खुर्चीवरून उतरली, आजीच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून कडी काढली.