हलला तर फ्लोट

"चांगली आहे हो मुलगी, सर. पण फ्लोट आहे. दोन ट्रिपा येईल, मग बसेल घरी."

इंदूरबाहेर, राऊ गावच्या चहाच्या टपरीमागे मंजूताई सरांना हे सांगत होत्या, आणि मी टपरीच्या नळावर हात धूत होते. माझ्या लग्नाला तेव्हा दीड महिना झाला होता. नवरा, निखिल, इंदूरच्या एका कॉलेजात जिऑलॉजी शिकवतो. मंजूताई त्याच्या सीनियर. सर दोघांचे गुरू, आता रिटायर्ड. आणि शुक्लाजी त्यांची लॅब सांभाळतात. दर एका रविवाराआड हे चौघं कुठल्यातरी खाणीला नाहीतर घाटात जातात. साताऱ्याहून आलेली मी पाचवी.

फ्लोट म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. तरंगणारी म्हणाल्या असतील, असं वाटलं. शब्द इतका आवडला की मानपूरपर्यंत खिडकीला डोकं टेकून मी कापसासारखी तरंगतच गेले.

किस्से आणि दगड सारखेच जमतात. ठरवून कुणी आणत नाही. निखिलच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये येतात, तिथून खिडकीत, मग कणकेच्या डब्यावर. आणि एक दिवस लक्षात येतं, घरात जागाच नाही. त्यातलेच हे काही.

*

शुक्लाजी दगड चाटतात. जिभेला चिकटला तर त्यात चिकणमाती, असा साधा हिशेब. सगळेच चाटतात म्हणे, पण शुक्लाजींची चव वेगळी. डोळे मिटून, मान हलवून, गवयाला दाद द्यावी तशी चाटतात.

मानपूरच्या ढाब्याबाहेर ते असेच एक पांढरं ढेकूळ घेऊन उभे होते. चाटलं, विचार केला, पुन्हा चाटलं. ढाबेवाला गल्ल्यावरून बघत होता. थोड्या वेळानं तो स्वतः बाहेर आला, हातात पोह्यांची प्लेट, वर शेव जरा जास्तच.

"भिया," तो हळूच इंदुरी बोलीत म्हणाला, "पैसे रेन दो. पेले कुछ खा लो."

*

त्याच दिवशी घाटात मला फ्लोटचा अर्थ कळला.

सकाळचं धुकं अजून उतारावर होतं. काळा खडक त्यातून मधेच दिसायचा, मधेच नाही. एकेकाळी हे सगळं वाहत होतं आणि मग सावकाश थंड होत गेलं, असं सर सांगत होते, आणि मला पायाखाली अजून थोडी ऊब लागत होती. तेवढ्यात निखिल एक अकीक घेऊन आला. मधाच्या रंगाचा, आत वळ्यांवर वळ्या. उजेडात धरला तर आत कुणी दिवा लावलाय असं वाटावं.

सरांनी हातातसुद्धा घेतला नाही. "कुठं मिळाला?"

"रस्त्याच्या कडेला पडला होता, सर."

"मग टाकून दे. फ्लोट आहे." मग माझ्याकडे वळून त्यांनी समजावलं. पाण्यानं आणलेला, ट्रकमधून सांडलेला, कुठलाही असेल. या जागेबद्दल तो काही सांगू शकत नाही. ओळखायचं कसं? "हलवून बघायचं. हलला तर फ्लोट. नाही हलला, तर इथला."

मंजूताई दुसरीकडे बघत होत्या.

अकीक मी पर्समध्ये टाकला. अजून आहे.

*

पुढची ट्रिप झाबुआकडच्या फॉस्फेटच्या खाणीची. गेटवर गार्डनं हेल्मेटं काढली, ती चार. मी काही म्हणायच्या आत मंजूताई म्हणाल्या, "ती बसेल गाडीत. तिला काय करायचंय आत?"

निखिलनं माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखी हसले. बसले.

दुपारी भोंगा झाला, मग खाली कुठंतरी खोल सुरुंग उडाला. आवाजापेक्षा नंतरची शांतता मोठी होती. काचेवर पांढरी धूळ अलगद उतरत राहिली, आणि बाहेरचं जग पुसट होत होत नाहीसं झालं. सुंदर होतं. पण मला आत जायचं होतं. त्या तळाशी उभं राहून वर बघायचं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, निखिललाही नाही.

*

परतताना नमुन्यांच्या पिशव्या माझ्या मांडीवर, शुक्लाजी मागच्या सीटवर घोरत, आणि पुढं वाद. खाणीत खालून वर आठ थर, आठ नमुने. मंजूताईंच्या यादीत मात्र एक नंबरचा नमुना गायब, आणि कुणी न उचललेला नऊ नंबर हजर. वर या नवाचा दगड थेट तळातल्यासारखा. सर खूश. तळ डोक्यावर आलाय, इथली जमीनच उलटी झालीय, पेपर होतो बघा! धारपर्यंत जमीन चांगली पालथी झाली होती.

मी पिशवी बघितली. शुक्लाजी पिशव्यांवर हिंदीत आकडे घालतात, आणि मंजूताई कॉन्व्हेंटमधल्या.

मी पुढं वाकून गाडी चालवणाऱ्या निखिलच्या कानाशी म्हटलं, "तो इंग्रजी नऊ नाहीये. आपला एक आहे."

निखिलनं गाडी कडेला घेऊन ते सगळ्यांना सांगितलं. सरांनी पिशवी मागून घेऊन आकडा बघितला, मग म्हणाले, "शाबास, निखिल." तो म्हणत होता, "सर, हे गौरीनं..." पण समोर कचोरीचं दुकान होतं, आणि इंदुरी माणसं पटापट उतरली.

*

महिन्याभरानं पुन्हा तीच खाण. तोच गार्ड. हेल्मेटं पुन्हा चार.

या वेळी गाडीतून आधी मी उतरले. पहिलं हेल्मेट उचललं, डोक्यावर ठेवलं, पट्टा लावला आणि गेटच्या मधोमध उभी राहिले. शुक्लाजी हसायला लागले. निखिल त्याच्या बुटाची नाडी बांधायला वाकला, ती सुटलेली नव्हती.

"अगं गौरी, चारच आहेत ना," मंजूताई म्हणाल्या. "तू सरक बघू जरा."

सर माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "हलवून बघा."