विझलेली बाटली

एका बुधवारी माझी बायको वारली. महिन्याभरानं मी निपाणीहून बेळगावच्या ग्रंथालयात पुन्हा कामाला जाऊ लागलो.

सकाळच्या बसमध्ये शेजारी एक संशोधक मुलगी बसायची. रात्रभर मुरत ठेवलेल्या द्रावणाच्या दोन काचेच्या बाटल्या ती काढायची, ओढणीचा आडोसा करून नोटा तपासायला वापरतात ती जांभळी टॉर्च त्यांवर धरायची. दोन्ही निखाऱ्यासारख्या लाल दिसायच्या आणि तिचा चेहरा पडायचा.

"लागला काय गं दिवा, आक्का?" कंडक्टर विचारायचा.

"लागला की, अण्णा. दुसरा लागायला नको होता."

पहिल्या बाटलीत सिलिकॉनचे अतिसूक्ष्म स्फटिक होते. दुसरीत तेच स्फटिक कार्बनच्या तितक्याच बारीक नळ्यांना जोडायची तिची धडपड चालली होती. या खेपेला जमलं नाही तर तिचे मार्गदर्शक सर संशोधनाचा विषय बदलायला लावणार होते.

एका सकाळी संकेश्वरपाशी तिनं टॉर्च दोनदा लावली आणि विझवली. मग म्हणाली, "काका, तुम्हीच बघा. माझा विश्वास बसंना."

पहिली बाटली लाल होती. "दुसरीत अंधार आहे," मी म्हणालो.

ती उठून उभीच राहिली. "विझलं, अण्णा. स्फटिक एकटे होते तवर उजेड उधळत होते. आता ती शक्ती कार्बनकडं जाती. विझलं म्हणजे जोडलं."

"नुसता अंधार दावून भागवतीस व्हय? पेढे काढ," कंडक्टर म्हणाला. सगळी बस हसली. मीही मोठ्यानं हसलो, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

तिचा विषय टिकला. ती आता बेळगावातच राहते, बसला नसते. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. बसमध्ये शेजारी जो बसेल, त्याच्याशी मी आता बोलतो.