गाडी सुटेपर्यंत

गेल्या वर्षी होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी, कंधारच्या आमच्या राहत्या घरी, माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. त्याच सकाळी मी पुण्याच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी घरातून निघाले. आईला नांदेडच्या दवाखान्यात नेलं ते रात्री. मधला दिवस कसा गेला, ते पुढे लिहिलं आहे.

माझ्यासमोर घडलं तेवढं आधी. बाकीचं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि शेजारच्या सुमनकाकूंनी सांगितलेलं आहे. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक आहे, तिथे तो तसाच ठेवला आहे. गाव सोडून गेलेल्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. गावी राहिलेल्यांना कदाचित जास्त.

ऑटो दारात उभा होता. बॅगा चढल्या होत्या. आईने दह्याची वाटी स्टुलावर ठेवली आणि चमच्याने माझ्या तळहातावर दही घातलं. ते तळहातावर न पडता मनगटावर पडलं. चमचा तिच्या डाव्या हातात होता. निघणाऱ्याला कुणी डाव्या हाताने दही देत नाही, आणि आई तर डाव्या हाताने हळदीकुंकवाची वाटीसुद्धा सरकवत नसे. मी म्हणाले, "डाव्या हातानं?" ती म्हणाली, "उजवा अवघडलाय. कुशीवर झोपले व्हते."

तिचा आवाज जड होता. लेक निघताना आईचा आवाज जड होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे त्या आवाजाला दुसरं काही कारण असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नाही. मी "येते" म्हणाले. तिने माझ्या पाठीला हात लावून मला पुढे ढकललं. अण्णा बंगळीजवळ, म्हणजे झोपाळ्याजवळ, उभे होते. ऑटो वळला.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, ही आमच्याकडची रीत आहे. हाक मारलीच तर माणसाने परत यावं, बसावं, पाणी प्यावं आणि मग निघावं. अण्णांनी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेल्याने काही होत नाही, हे ते वर्गात मांजराचं चित्र काढून समजावत. पण घरात आईचं चालायचं, आणि आईकडे या रीतीसाठी कारण होतं.

बारावीनंतर मला पुण्याला पत्रकारितेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तेव्हाही असाच ऑटो दारात होता. मी पायरी उतरल्यावर आत्याने हाक मारली, "अगं ज्योती, थांब, चटणीचा डबा राहिला." मी परत आले, बसले, पाणी प्याले. तेवढ्यात आत्याला घेरी आली. "माझं काय खरं न्हाई, दोन दिवस थांब," ती म्हणाली. तिचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, गोळीने उतरलं. दोन दिवसांचा आठवडा झाला. कॉलेजने माझी जागा दुसऱ्याला दिली. मी लातूरला बीए केलं, तिथल्याच एका पेपरात चिकटले आणि तालुक्यांहून आलेल्या बातम्या दुरुस्त करत राहिले. आत्या अजून ठणठणीत आहे. आई तिला कधी काही बोलली नाही. मला मात्र भाकरी थापता थापता एकदा म्हणाली होती, "त्या दिवशी मीच तिचं तोंड दाबायला पायजे व्हतं."

म्हणून पुण्याच्या पेपरचं पत्र आल्यावर, मी निघायच्या आदल्या रात्री जेवताना तिने अण्णांना शपथ घातली. "ह्या बारीला कुणी पोरीला मागं बोलावलं, तर माझं मेलेलं तोंड बघाल." आम्ही हसलो. तीही हसली. मग पुन्हा म्हणाली, "हसायलाव, पण मी खरंच सांगायले."

इथून पुढचं मी पाहिलेलं नाही.

ऑटो वळल्यावर आई उंबऱ्यावर बसली. अण्णांनी तिला उठवायला हात दिला तेव्हा तिचा उजवा हात त्यांच्या हातात नुसता पडून राहिला. तोंडाचा एक कोपरा खाली आला होता. अण्णांनी खिशातून फोन काढला. पुढे काय झालं याबद्दल दोन सांगणी आहेत. अण्णा म्हणतात, तिने त्यांचा हात धरला आणि ती म्हणाली, "गाडी सुटू द्या." सुमनकाकू दुपारी आल्या. त्या म्हणतात, "मी आले तेव्हा तिला एक शब्द धड बोलता येत नव्हता, मग सकाळी काय व्याख्यान दिलं का तिनं?" अण्णा यावर चिडतात. आईला आता विचारता येत नाही.

अण्णांनी तिला आत नेऊन निजवलं. तालुक्याचा दवाखाना आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. ते तिथेही गेले नाहीत. तिथले डॉक्टर नांदेडलाच पाठवतील, हे त्यांना माहीत होतं. नांदेडला न्यायचं म्हणजे मला कळवावं लागणार. कळवलं तर मी परत फिरणार. आणि परत फिरले तर सोमवारी रुजू होणार नाही. त्यांनी ठरवलं ते इतकंच. मी लातूरला पोचून पुण्याच्या गाडीत बसेपर्यंत थांबायचं. मधल्या वेळात पित्त असेल तर उतरेल.

मी लातूरला पोचल्यावर फोन केला. "आई कुठाय?" "झोपलीय. पहाटेपासून उभी होती," अण्णा म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. लातूरला मी जुन्या खोलीवर गेले, उरलेलं सामान बांधलं, घरमालकिणीकडे जेवले. पेपरमध्ये माझ्या हाताखालच्या पोरांना मी रोज सांगायचे की दवाखान्यातला माणूस कसा आहे हे त्याच्या नातेवाइकाला विचारू नका, डॉक्टरला विचारा.

दुपारी सुमनकाकू विरजण मागायला आल्या. त्यांचं माहेर देगलूरकडचं, नवरा वारल्यापासून पिठाची गिरणी त्याच चालवतात. त्यांचं आणि अण्णांचं बोलणं दोघांनीही मला जवळपास सारखंच सांगितलं.

"ओ गुरुजी, वहिनीचं तोंड वाकडं झालंय की!"

"पित्त चढलंय. लिंबूपाणी दिलंय."

"पित्तानं तोंड वाकडं व्हतंय का? हेच शिकिवलं का पोरांना शाळंत?"

"संध्याकाळी नेतो. ज्योतीची गाडी सुटली की लगेच."

"तुमची बाई वर चालली अन् तुम्ही गाडीचं टाइमटेबल बघायलाव?"

"तिनं शपथ घातलीय, काकू."

"घालणारीच ऱ्हाणार न्हाई, मग काय शपथंला घेऊन नांदायचंय का?"

अण्णा उठले नाहीत. सुमनकाकू बाहेर गेल्या आणि त्यांनी भाच्याची जीप परस्पर बोलावून घेतली. ती दारात उभी राहिली. अण्णा दोनदा तिच्यापर्यंत गेले आणि परत आले. का परत आले, असं मी त्यांना विचारलं आहे. "शपथेला मी भीत नाही," ते म्हणाले. "ती डोळे उघडून माझ्याकडं बघत होती. मी तिला भ्यालो."

दिवेलागणीनंतर लातूरहून माझी ट्रॅव्हल्स निघाली. मी फोन केला, "बसले. सुटली गाडी." अण्णा म्हणाले, "बरं. एसी असेल, पांघरूण घे." फोन ठेवून त्यांनी आईला उचललं. जीप लोह्यावरून नांदेडला गेली. सुमनकाकू मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रस्ताभर त्या बोलतच राहिल्या, कारण थांबलं की भीती वाटायची, असं त्या सांगतात.

सोमवारी मी रुजू झाले. ओळखपत्रासाठी फोटो काढून घेतला, लॉगइन मिळालं, डेस्कवरच्या लोकांची नावं ऐकली आणि लगेच विसरले. चहाला खाली उतरलो तेव्हा अण्णांचा फोन आला.

"जॉइन झालीस का?"

"हो."

"सही केलीस?"

"केली अण्णा. काय झालं?"

"मग आता ऐक."

ते जेवढं बोलले ते सगळं मी उभ्याउभ्या ऐकलं. आवाजात चढउतार नव्हता. बातमी सांगावी तसं त्यांनी सांगितलं, आधी ती जिवंत आहे, मग काय झालं, मग कुठे आहे. नव्या संपादकांनी मला त्याच दिवशी सोडलं. ओळखपत्र गळ्यातच राहिलं होतं, ते नांदेडला उतरल्यावर लक्षात आलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या काही तासांत रुग्ण आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. आई आली तेव्हा ती वेळ निघून गेली होती. इंजेक्शनने तिचा हात आणि बोलणं वाचलं असतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, सगळ्यांना लागू पडत नाही. दुसऱ्या दिवशी मी तेच पुन्हा विचारलं. उत्तर तेच होतं. अण्णा दोन्ही वेळा शेजारी उभे होते.

मी खाटेजवळ गेले तेव्हा आईने मला ओळखलं. तिचे डोळे माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेले आणि तिथेच थांबले. मग तिने डावा हात उचलून दाराकडे केला. जा. मी बसले तर तिने पुन्हा हात केला. नर्सला वाटलं, तिला काही हवं आहे. सुमनकाकू म्हणाल्या, "काय नको तिला. पोरीला हाकलायली. तोंड गेलं, पण हट्ट न्हाई गेला बाईचा." त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसत बाहेर गेल्या.

आता आई-अण्णा माझ्याकडे पुण्याला असतात. सोसायटी शहराच्या बाहेरच्या अंगाला आहे, फ्लॅट भाड्याचा. माझी शिफ्ट दुपारी सुरू होते. सकाळी फिजिओ येतो. आठवड्यातून दोनदा आम्ही स्पीच थेरपीला जातो. आई काठी घेऊन लिफ्टपर्यंत चालते. उजवा हात उचलला जातो, बोटं मिटत नाहीत. अण्णा कुकर लावायला शिकले. इथे लोक त्यांना काका म्हणतात. गुरुजी म्हणणारं कुणी नाही. ऑफिसात मी "करते आहे" म्हणते, घरात शिरले की "करायले" म्हणते, आणि पूर्वी ही अदलाबदल लातूर-कंधार रस्त्यावर कुठेतरी व्हायची, ती आता लिफ्टमध्ये होते.

थेरपीला चित्रांची कार्डं असतात. एकदा पेरूचं कार्ड आलं. आईने बराच वेळ घेतला आणि म्हणाली, "जाम." थेरपिस्ट मुलगी पुण्याची, तिने मान हलवून कार्ड बाजूला ठेवलं. अण्णा खुर्चीतून उठले. "बरोबर आहे ते. आमच्याकडं जामच म्हणतात. लिहा बरोबर." मुलगी गोंधळली, मग तिने बरोबर लिहिलं. त्या दिवशी परत येताना अण्णांनी रिक्षा थांबवून जाम घेतले. मी इतक्या महिन्यांत त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

ज्या दिवसाबद्दल मी हे लिहिते आहे, त्याबद्दल ते आपणहून बोलत नाहीत. एकदाच म्हणाले. मी कामावर निघाले होते, बूट घालत होते. "तू त्या दिवशी परत फिरली असतीस ना?" मी म्हणाले, "हो." ते म्हणाले, "आणि मग गेली नसतीस." मी दुसरा बूट घातला. ते खरं असू शकतं. बरोबरची कितीतरी माणसं अशीच अर्ध्या वाटेवरून परतली, आणि त्यांच्या आया अजून बोलतात. कितीतरी पुढे निघून गेली, आणि घरचं त्यांना फोनवर कळलं. आपल्याकडे निघणाऱ्याची इतकी काळजी घेतात की राहणाऱ्याला काय होतंय ते बघायला कुणी मोकळं नसतं.

कंधारच्या घराची किल्ली सुमनकाकूंकडे आहे. दर शनिवारी त्या दारं-खिडक्या उघडतात, झाडलोट करतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. ओटा, अंगण, तुळस. खाली लिहितात, 'सगळं जिथल्या तिथं हाय. वहिनीला म्हणावं या.' अण्णा फोटो मोठा करून आईला दाखवतात. त्यांना परत जायचं आहे. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही असं सांगितलं आहे. मी रजा काढून दोघांना सोडायला जाऊ शकते, तेही बोलून झालं आहे.

आईला आता तीसेक शब्द येतात. त्यात 'हाव' आणि 'न्हाई' सगळ्यात स्पष्ट आहेत, आणि ती ते चुकीच्या जागी वापरत नाही, असं थेरपिस्टचं मत आहे. फोटो पाहून झाला की अण्णा तिला विचारतात, "जायचं का कंधारला?" ती फोटोवरून बोट फिरवते. तुळशीवर थांबते. सुमनकाकूंचं म्हणणं आहे की ती घरी गेली तर पोरीला पुन्हा त्या दारातून निघावं लागेल, हे तिला नको आहे. अण्णांना वाटतं, तिला तिथल्या दारापुढच्या पायऱ्यांची भीती वाटते. आईने कारण सांगितलेलं नाही.

मागच्या शनिवारी अण्णांनी पुन्हा विचारलं. ती "न्हाई" म्हणाली.