खुर्ची उचलणारे चौघे

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, आमच्यासारख्या लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत, आजारी माणूस खुर्चीतून खाली जातो. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची घ्यायची, छातीभोवती जुनी सुती साडी बांधायची, दोघांनी मागून पाठ धरायची आणि दोघांनी पुढचे पाय. हे कोणी शिकवत नाही, प्रत्येकाने कधीतरी पाहिलेलं असतं. आमच्या जिन्यात ही वरात डायलिसिससाठी एक दिवसाआड निघायची. माझ्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या होत्या, पाठोपाठ पायांतलं बळ गेलं, आणि आम्ही राहायला चौथ्या मजल्यावर.

हे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. जड मोटारी उचलण्यात आयुष्य गेलं. आता लोकांनी ह्यांना उचलायचं, हे काही पचनी पडत नव्हतं. जिना उतरताना डोळे घट्ट मिटून घ्यायचे. बिल्डरने दुकान वाढवायला जिना कापलेला, त्यामुळे प्रत्येक वळणावर गुडघे भिंतीला लागायचे. मग पुढचा माणूस म्हणायचा, "भाऊ, पाय आत घ्या." हे डोळे न उघडता हातांनी पाय आत ओढायचे.

तो पुढचा माणूस म्हणजे तळमजल्यावरचा सिंधी शेठ. जीन्सच्या चेन आणि बटणं विकायचा. त्याच्या जोडीला दुसऱ्या मजल्यावरचे जयभीमवाले दादा, रात्रपाळीहून आलेले, डोळे लाल. मागे शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातले दोन इस्त्रीवाले. आमच्या चर्चच्या मंडळीतलं कोणी नव्हतं. मंडळी रविवारी दुपारी यायची, चहा घ्यायची, प्रार्थना करायची. वाईट नव्हते लोक. पण एका रविवारी त्यांतले एक वडीलधारे निघताना दारातच म्हणाले, "बाई, विश्वास कमी पडतोय. विश्वास वाढवा, बघा कसे उठून चालतात ते." हे आत ऐकत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लवकर जावेत म्हणून त्यांच्या चपला मीच सरळ करून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघे दारात आले आणि हे म्हणाले, "मी येत नाही. आजपासून बंद."

डायलिसिस बंद केलं तर काय होईल, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर स्पष्ट सांगितलं होतं. मी चौघांना जरा थांबा म्हटलं आणि पलंगाशी बसले.

"माझ्यात विश्वास उरलेला नाही गं," हे म्हणाले. "खोटं कशाला बोलू? आणि मग ह्या लोकांच्या पाठी कशाला मोडायच्या?"

मी काही पाळक नाही. मला प्रवचन येत नाही. जे आठवलं ते बोलले. "अहो, मार्काच्या शुभवर्तमानातला तो बाजेवरचा लुळा माणूस आठवतो, येशूने उठवलेला? चौघांनी आणलेला. दारात गर्दी होती म्हणून छप्पर उघडून खाली सोडलेला."

"न आठवायला काय झालं? संडे स्कूलच्या नाटकात तो मीच असायचो. हलका होतो म्हणून."

"मग तो काय बोलला येशूला?"

"काहीच नाही. नुसतं पडून राहायचं काम होतं."

"मग येशूने विश्वास पाहिला असं लिहिलंय, तो कोणाचा? आणणाऱ्यांचा धरून ना? तुमच्यात नसेल तर नसू दे."

ह्यांनी दाराकडे पाहिलं. शेठ अजून धापा टाकत होता. "हा? हा तर झुलेलालवाला. आणि ते दादा तर देवच मानत नाहीत."

"मार्काने त्या चौघांची चौकशी केलेली नाही."

हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग म्हणाले, "बांध ती साडी."

हे बरे झाले असं मी लिहिणार नाही, कारण झाले नाहीत. फक्त जिना उतरताना डोळे उघडे ठेवू लागले. दादांना झोप झाली का विचारायचे. चिखलोलीला लिफ्टची बिल्डिंग बघितली होती, तिथे जाऊ म्हणायचे, गेलो नाही. मी रोज देवाशी भांडत होते. त्या माणसाला उठवलंस, मग ह्यांना का नाही? उत्तर आलं नाही, अजूनही आलेलं नाही. एक दिवसाआड सकाळी दाराची बेल मात्र वाजत राहिली.

हे गेले ते सकाळीच, बेल वाजायच्या जरा आधी. चौघे आले आणि दारातच थांबले.

मंडळीने मात्र त्या दिवशी धावपळ केली. पेटी तयार मिळाली, लगेच आणली. चांगली लाकडाची, लांबरुंद. जिन्याचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. वर आणताना पहिल्याच वळणावर पेटी अडकली. तिरकी केली, उभी केली, भिंतीचा रंग खरवडला. "भाभी, ये नहीं मुड़ेगा," शेठ खालून म्हणाला. तिरडी त्या वळणावरून कशीबशी जाते, पेटी जात नाही. पाळकसाहेब घाम पुसत म्हणाले, "आता काय करायचं?"

मी म्हटलं, "पेटी खालीच ठेवा. खुर्ची आणा."

अंग अजून ताठलं नव्हतं. ह्यांना लग्नातला कोट घातला होता. त्यावरून मी तीच सुती साडी बांधली आणि चौघांनी आपापल्या जागा घेतल्या. मंडळीतल्या दोघांनी हात पुढे केले, पण ह्या चौघांनी कोणाला हात लावू दिला नाही. मी पुढे चालले.

पहिल्या वळणावर शेठ सवयीने म्हणून गेला, "भाऊ, पाय आत घ्या."

म्हटल्यावर त्याचं त्यालाच कळलं. पण खुर्ची त्याने सोडली नाही. मी खाली वाकले, ह्यांचे पाय धरले आणि आत घेतले.