नानांचं उलटं बस्कर

नाना जाऊन आज वर्ष झालं, आणि दुपारचा चहा मलाच करावा लागतोय.

नाना म्हणजे माझे सासरे. राहात्याला आमची पेरूची बाग आहे. सुट्टीच्या दिवशी क्रेट भरून टेम्पो गेला की शेडमध्ये तीन पत्तीचा डाव बसायचा. नाना, माझा नवरा संदीप आणि मी.

पैसे नाहीत. हरेल त्याने सगळ्यांना चहा करायचा.

नाना दणकून हरायचे. सासऱ्याच्या हातचा चहा पिणारी सून म्हणून भावकीत माझं नाव झालं होतं! त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. राग यायचा तो पत्त्यांचा.

चार-पाच डाव सलग रिकामे गेले की ते उठायचे, खालचं बस्कर उलटं करायचे आणि पुन्हा बसायचे.

"आता पान येनारच."

मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. मला गप्प राहवायचं नाही.

"नाना, चारपैकी तीनदा साधी जोडीसुद्धा येत नाही. सलग पाच डाव रिकामे जाणं साधारण चारात एकदा होतंच."

"मंग सहावा तरी यील का न्हाई?"

"त्यालाही तेवढाच चान्स. पत्ते दर वेळी नव्याने पिसतो ना? त्यांना मागचं काही आठवत नाही."

"लईच बेइमान हायेत की मग!"

बस्कर मात्र उलटंच.

मग नानांना कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली. पहिला रिपोर्ट वाईट. दुसराही वाईट. तिसऱ्याची वाट बघत हॉस्पिटलमध्ये नानांच्या खाटेपाशी बसलो होतो, तेव्हा ते म्हणाले,

"म्याडम, पत्त्याला मागचं आठवत न्हाई म्हनता ना तुमी? मंग मागच्या रिपोर्टचं कशाला धरून बसायचं? ह्यो चांगला बी यील की."

इतकी वर्षं न पटलेलं त्यांना नेमकं तेव्हा पटलं.

पण शरीर म्हणजे पत्ते नव्हेत. शरीराला मागचं सगळं आठवतं. नाना उत्तरासाठी माझ्याकडे बघत होते आणि मला ते सांगवेना.

मी उठले. त्यांच्या डोक्याखालची उशी काढली आणि उलटी करून परत ठेवली.

नाना खोकला येईपर्यंत हसले.

"तुमी बी?"

"व्हय नाना, मी बी."

रिपोर्ट आला. संदीपला नानांच्या खोलीत जायचा धीर होईना, म्हणून मी गेले. तोंड उघडायच्या आधीच नाना म्हणाले,

"न्हाई आलं ना पान?"

मला रडू आवरेना. त्यांनी माझा हात धरला. एरवीचं 'म्याडम' विसरले.

"रडू नगं पोरी. हरलो तर हरलो. घरी गेल्यावर चहा माझ्याकडं लागला."

नाना घरी आले, पण गॅसपाशी उभं राहायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

आज दुपारी संदीपने आणि मी शेडमध्ये डाव मांडला. मला सारखी रिकामीच पानं. त्यात विशेष काही नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तरी उठले आणि बस्कर उलटं केलं.

पान काही आलं नाही. चहा मीच केला.

नाना, तुमच्या हातच्या चहाची सर नाही हो त्याला. फार आठवण येते. तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.