व्हर्नाची अर्धी रायफल

व्हर्ना हुक्सेमाच्या बसमधून शाळेत गेलेली पोरं आज आमच्या पंचक्रोशीचा कारभार बघतात, पण ती समोर दिसली की तोंडातलं च्युइंगम आधी थुंकून टाकतात. असा तिचा वचक. बस चालवणं सुटलं ते निवृत्तीनंतर, पण जाता जाता उजवा खांदा घेऊन गेलं. वर्षानुवर्षं ते अवजड चाक फिरवून सांधा पार झिजला होता. शस्त्रक्रिया झाली, दुखणं थांबलं, आणि डॉक्टरांनी बजावलं, शॉटगन पुन्हा खांद्याला लावायची नाही.

मिशिगनच्या आमच्या दक्षिण भागात हरणाच्या शिकारीला वाटेल ती रायफल चालत नाही. जमीन सपाट, मधून मधून घरं. गोळी फार लांब जाऊ नये म्हणून कायद्याला जाड, सरळ नळकांडीसारखी काडतुसंच मान्य. बहुतेक लोक जुनी शॉटगन वापरतात, आणि तिचा धक्का असा की धडधाकट माणसाचेही दात वाजावेत. बापाचं बोट धरून रानात गेलेली व्हर्ना हंगामाच्या पहिल्या दिवशी घरी राहू लागली. पुरुषमंडळी मचाणावर, आणि ही चुलीपाशी, वाटाण्याचं सूप ढवळत.

धाकटा दीर डर्क एकदा सूप भुरकत म्हणाला, "वहिनी, तू घरी असतेस तेच बरं. परत यावंसं तरी वाटतं." तो बिचारा कौतुकानंच बोलला. व्हर्नाने हसून त्याला आणखी एक डाव वाढला, पण स्वतःची वाटी तशीच उचलून ठेवली.

वाट दाखवली ती एमेटने. हा म्हातारा कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेला, पत्त्यांच्या डावात व्हर्नाचा हाडवैरी. एका संध्याकाळी पत्ते पिसता पिसता त्याने विचारलं, कोंबड्यांवर टपलेल्या कोल्ह्यांसाठी तुझ्याकडे ती काळी रायफल आहे ना? तिचं काडतूस बारीक, ते हरणाला चालत नाही. पण ती रायफल दोन भागांची असते. खाली मूठ आणि चाप, वर नळी, आणि दोन्ही भाग दोन खिळींनी जोडलेले. खालचा भाग तसाच ठेवायचा, वरचा जाड काडतुसाचा बसवायचा. कायद्यात बसतं, आणि धक्का म्हणशील तर नावाला.

गॉर्डन, म्हणजे तिचा नवरा, लगेच दुकानातून कोरी रायफल आणायला निघाला. बायकोला काही घेऊन द्यायचं म्हटलं की त्याला दम निघत नाही. व्हर्नाने त्याला दारातच अडवलं.

"अरे, अर्धी बंदूक घरात पडलीय. उरलेल्या अर्धीसाठी अख्खी कशाला आणायची?"

दुकानातला तयार वरचा भागही तिला महाग वाटला. मग तुकडे जमवणं सुरू झालं. नळी सेलमध्ये मिळाली. बाहेरचं कवच नेमबाजी क्लबाच्या जुन्या बाजारात, एका बाजूला ओरखडा होता म्हणून स्वस्तात. पोस्टमन खोकं घेऊन आला की व्हर्ना हातातलं काम टाकून दाराशी धावायची. या वयात बाईला प्रेमपत्रं येतायत, असं गॉर्डन शेजारपाजारी सांगत सुटला.

जोडणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली. एमेटने नळी पकडायला लोखंडी शेगडा आणून टेबलाला आवळला. त्याचे हात आता थरथरतात, म्हणून तो शेजारी बसून फक्त सांगत होता. नळी बसली, मोठा नट घट्ट झाला. राहिली होती बाजूच्या झाकणाची इवलीशी स्प्रिंग. ती बोटातून सटकली आणि टण्णकन कुठेतरी उडाली. तिघंही गुडघ्यांवर बसून फरशी चाचपडू लागले. फ्रिज सरकवला, कुत्र्याचं तोंड उघडून पाहिलं. शेवटी थकून, चुलीवरचं सूप वाढून जेवायला बसले, आणि दुसऱ्याच चमच्याला गॉर्डनच्या दाताखाली काहीतरी कडकन वाजलं.

"मीठ बरोबर आहे," तो स्प्रिंग बाहेर काढत म्हणाला, "पण लोखंड जरा जास्त झालंय." एमेटला हसता हसता ठसका लागला. त्याची पाठ चोळायला व्हर्नाला उठावं लागलं.

क्लबात पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. काडतूस आत जाईचना, दर वेळी तिरकं होऊन अडकायचं. बघायला आलेला डर्क गालातल्या गालात हसत होता. व्हर्नाचा चेहरा पडला. एमेटने मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची डबी, काढून हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. ते कोल्ह्यांच्या रायफलीचं जुनंच होतं. जाड काडतुसाला मॅगझिनही त्याचंच लागतं, हे सांगायला तो विसरला होता. पुढच्या खेपेस नवं मॅगझिन लावून व्हर्नाने चाप ओढला, आणि डोळे मिटून खांद्यातल्या कळेची वाट बघत राहिली. कळ आलीच नाही. तिने पुन्हा बार काढला, मग आणखी एक. मग रायफल रिकामी करून खाली ठेवली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटली.

हंगाम उघडला त्या सकाळी मक्याच्या कापलेल्या शेतावर दंव पडलं होतं. केशरी जाकीट घालून ती ओकच्या झाडांपाशी, बापाच्या जुन्या जागी बसली. आधी दोन माद्या आल्या. त्यांना तिने जाऊ दिलं. त्यांच्या मागे मान लांबवत, वास घेत नर आला आणि आडवा उभा राहिला. बार झाला. नर ओढ्यापर्यंत धावला आणि कोसळला.

व्हर्नाने नवऱ्याला बोलवायला फोन काढला. पण गॉर्डनने बाराचा आवाज आधीच ओळखला होता. आपलं मचाण सोडून तो चिखलातून धावत आला, तो एका पायात बूट नि दुसऱ्यात नुसता मोजा. बूट चिखलातच राहिला होता. व्हर्ना हरणाच्या मानेवर हात ठेवून पुटपुटत प्रार्थना करत होती. ती संपेपर्यंत तो तसाच एका पायावर उभा राहिला.

डर्क आला, त्याने टोपी काढली, शिंगांवरून हात फिरवला. "वहिनी, मी आज खारसुद्धा पाहिली नाही."

"मग पुढच्या वर्षी सूप तू कर," व्हर्ना म्हणाली. त्याने मान डोलावली आणि हरीण ओढायला दोर उलगडला.

बातमी गावभर झाली. थोड्याच दिवसांत व्हर्नाची धाकटी बहीण विल्मा दारात उभी. तिच्या मनगटांना संधिवात, आणि घरी तशीच काळी रायफल. "ताई, तुझं वरचं अर्धं जरा उसनं देतेस?" शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसं तिने मागितलं. व्हर्नाने ते टॉवेलात गुंडाळून दिलं, मॅगझिन आठवणीने सोबत ठेवलं, आणि मग राहवेना म्हणून स्वतःच विल्माच्या गाडीत जाऊन बसली.

डिसेंबरात, माद्यांच्या शिकारीच्या हंगामात, विल्मालाही हरीण मिळालं. आता दर गुरुवारी दोघी बहिणी थर्मास घेऊन क्लबात जातात आणि कोणाचा नेम चांगला यावरून परतीच्या वाटेवर भांडतात. गॉर्डनला सोबत नेत नाहीत. तो मध्ये बोलतो फार.