कृष्णाबाईंच्या नावातलं जोडाक्षर

नूतन एकदा हट्टाला पेटली की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही, हे पालीजवळच्या आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तिचे सासरे गुणाजी यांची भाताची गिरण. गेल्या हंगामात तिथे पोत्यांची अदलाबदल झाली, कृष्णाबाईंना घरच्या भाताऐवजी भलताच तांदूळ मिळाला आणि गावभर बोभाटा झाला. तेव्हा नूतनने ठरवलं, कोणाचं भात भरडायला घेतलंय ते गिरणीतल्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसलं पाहिजे. पालीच्या कॉम्प्युटर क्लासात ती नुकतीच पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकत होती. गुणाजींनी बजावलं की कापणीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर गिरणीतला जुना कॉम्प्युटर विकून टाकीन.

खिडक्या, बटणं, अक्षरं स्क्रीनवर आणायचं तयार सामान म्हणजे टूलकिट. ते कुठलं घ्यावं? क्लासचे कुलदीप सर म्हणाले, नवशिक्यांनी टीकेइंटर घ्यावं. पायथनबरोबरच येतं, चार ओळींत खिडकी उघडते. उघडलीही. घरच्या लॅपटॉपवर सगळं झकास. गिरणीतल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी जुनं लिनक्स होतं, तिथे मात्र जोडाक्षरं फुटली.

कृष्णाबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. साक्षरतेच्या वर्गात त्या एकच गोष्ट पक्की शिकल्या, स्वतःचं नाव. स्क्रीनवर ‘क’ एकीकडे, ‘ष’चा पाय मोडलेला, ‘ण’ वेगळाच.

“ह्ये माजं नाव न्हाय,” म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

सरांनी सोपा उपाय सांगितला, नावं इंग्रजीत टाक. नूतनला राग आला. मलाही येतो. जिला एवढीच अक्षरं वाचता येतात, तिलाच ती नाकारायची?

“नाव बदलणार नाही, सर. टूलकिट बदलीन,” ती म्हणाली.

तिने क्यूट नावाचं दुसरं टूलकिट घेतलं. त्यात जोडाक्षरं नीट जुळतात, पण शिकायला जड. बटण दाबल्यावर पुढे काय व्हायचं, ते जोडता जोडता ती रडकुंडीला येई. नाव क्यूट आणि सूनबाईचं तोंड बघा, म्हणून गुणाजी चिडवत. ती कॉम्प्युटरला दोन शिव्या हासडून पुन्हा बसे. आधीचं सगळं तिने पुसून नव्याने लिहिलं.

कापणी झाली. कृष्णाबाई पोतं घेऊन आल्या, नूतनने नाव टाकलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. ‘ष्ण’पाशी बोट थांबलं.

“माजंच हाय,” कृष्णाबाई म्हणाल्या. “घाला आता भात.”

गुणाजींनी पोतं उचललं आणि गिरण सुरू केली.